वीजबिलाचे नियम आणि बिल काढणारा प्रोग्राम

घरगुती वीजबिलात गणित थोडे आणि नियम फार असतात. बडनेऱ्याच्या नव्या वस्तीतल्या कोणत्याही घरचे महावितरणचे बिल उघडले, की वर १२ अंकी ग्राहक क्रमांक, ४ अंकी बिलिंग युनिट, मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि दोहोंची वजाबाकी करून आलेला वापर दिसतो. ही वजाबाकी चौथीतले मूलही करील. त्याखाली स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क अशा ओळी येतात आणि त्यांतली प्रत्येक ओळ कुठल्या तरी आदेशातून, कायद्यातून किंवा परिपत्रकातून आलेली असते.

समजा, महिन्याचा वापर १५० युनिट झाला. २०२४-२५ या वर्षाच्या दरांप्रमाणे वीज आकार पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे होता आणि १०१ ते ३०० या टप्प्यात १० रुपये २९ पैसे. वहन आकार सगळ्याच युनिटांना सारखा, १ रुपया १७ पैसे. पहिल्या १०० युनिटांचे ४७१ रुपये, पुढच्या ५० युनिटांचे ५१४ रुपये ५० पैसे आणि वहनाचे १७५ रुपये ५० पैसे मिळून १,१६१ रुपये होतात. स्थिर आकार आणि इंधन समायोजन तूर्त बाजूला ठेवले, तर या रकमेवर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क लागते. ते १८५ रुपये ७६ पैसे येते आणि बेरीज १,३४६ रुपये ७६ पैशांवर जाते.

बिल निघाल्यापासून सात दिवसांत पैसे भरले तर १ टक्का सूट मिळते, पण ती कर आणि शुल्क वगळून उरलेल्या रकमेवर, म्हणजे ११ रुपये ६१ पैसे. देय तारीख टळली तर १.२५ टक्के विलंब आकार बसतो आणि तो शुल्क धरून संपूर्ण रकमेवर, म्हणजे १६ रुपये ८३ पैसे. एकच बिल, दोन टक्केवाऱ्या आणि दोघींचा पाया वेगळा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने पाया एकच धरला तरी बिल निघते, छापले जाते आणि दिसायलाही ठाकठीक दिसते. फक्त ते चुकलेले असते.

अशा प्रत्येक अटीला आणि तिच्या परिणामाला मिळून संगणकाच्या क्षेत्रात व्यवसाय नियम किंवा बिझनेस रूल म्हणतात. ‘अमुक असेल, तर तमुक करा’ एवढाच त्याचा साचा. हे नियम प्रोग्रामच्या पोटात न पुरता वेगळे ठेवणारी आणि बिल काढताना त्यांतले लागू पडतील तेवढे लावणारी यंत्रणा म्हणजे रूल इंजिन. येथे वीजबिलाचे उदाहरण घेतले आहे, पण अमरावती आणि बडनेऱ्याला जीवन प्राधिकरणाकडून येणारे पाण्याचे बिल असो की मोबाइलचे, रचना तीच राहते.

नियम येतात कुठून

वीजबिलाचे नियम एका हातचे नसतात. दर ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. १९९९ मध्ये स्थापन झालेला हा आयोग दरवाढीच्या प्रस्तावावर सुनावणी घेऊन आदेश काढतो. वीज शुल्क लावते राज्य सरकार, २०१६ च्या वीज शुल्क कायद्याखाली. घरगुती ग्राहकाला १६ टक्के, तर दुकानदाराला २१. जून २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन तयार झालेली महावितरण कंपनी हे सगळे बिलात उतरवते आणि कागदी बिलाऐवजी ई-मेलवर बिल घेणाऱ्याला दिलेल्या १० रुपयांच्या ‘गो-ग्रीन’ सवलतीसारख्या आपल्या योजना त्यात घालते. या तिघांची कामे वेगवेगळ्या तारखांना चालतात. त्यामुळे बिलाचा एखादा तरी नियम सतत बदलत असतो.

त्यातले काही नियम साधे दर नसतात. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाचा स्वस्त दर मिळायला मंजूर भार पाव किलोवॅटच्या आत लागतो, शिवाय गेल्या आर्थिक वर्षातला एकूण वापर ३६० युनिटांच्या आत असावा लागतो. म्हणजे या महिन्याचे बिल काढायला मागच्या बारा महिन्यांची आठवण हवी.

घरातून होणाऱ्या छोट्या धंद्याचा नियम याहून नाजूक आहे. पुढच्या खोलीत दोन शिलाई मशीन आणि इस्त्री ठेवून ब्लाउज शिवून देणारी बाई घरगुती ग्राहक की व्यावसायिक? आयोगाने याचे उत्तर आकड्यांत दिले आहे. महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या आत आणि गेल्या आर्थिक वर्षाचा वापर ३,६०० युनिटांच्या आत असेल, तर तिला घरगुती दरच लागू. वर्षाचा आकडा ओलांडला तर दर बदलतो, मात्र तसे तिला आधी कळवावे लागते. हा नियम माणसाचा विचार करून केलेला आहे आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यानेही तो तितक्याच काळजीने उतरवला पाहिजे. येथे नियमाचा परिणाम म्हणून नवा दर लगेच लागत नाही. आधी पत्र जाते.

वऱ्हाडात ज्याला फार अर्थ आहे असा आणखी एक वर्ग उच्चदाब औद्योगिक ग्राहकांत आहे, हंगामी उद्योगांचा. वर्षातले जास्तीत जास्त नऊ महिने चालणारे कारखाने त्यात येतात आणि आयोगाच्या यादीत पहिली नावे आहेत कापसाच्या जिनिंगची, सरकीच्या तेलाच्या गिरण्यांची आणि प्रेसिंगची. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की जिनांची मीटरे धावू लागतात आणि हंगाम सरला की थंडावतात. बारा महिने सारखा चालणारा कारखाना डोळ्यापुढे ठेवून लिहिलेल्या प्रोग्रामात या ग्राहकाला जागाच नसते. तो मागून कुठे तरी अपवाद म्हणून घुसवावा लागतो.

इफ-एल्सची गुंतवळ

जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत अट लिहायची सर्वांत सरळ रीत म्हणजे इफ आणि एल्स. वापर १०० पर्यंत असेल तर हा दर, नाही तर तो. पहिल्या दिवशी हे उत्तम चालते. पुढच्या वर्षी दर बदलतात, एक सवलत येते, एका वर्गाचे दोन होतात. प्रत्येक वेळी एका इफच्या आत दुसरा इफ बसतो. तीन-चार वर्षांत असा कोड तयार होतो की त्याला हात लावायला तो लिहिणाराही कचरतो.

खरा त्रास आकड्यांच्या पसरण्यात असतो. १०० हा आकडा टप्प्याची मर्यादा म्हणून बिलाच्या हिशेबात असतो, छपाईत असतो, मोबाइल ॲपमधल्या अंदाजी बिलात असतो आणि अहवालातही. टक्केवारी काढताना भाजक म्हणूनही १०० च असतो. मर्यादा बदलायची वेळ आली, की प्रोग्रामरला प्रत्येक १०० पाशी थांबून हा त्यांतला कोणता हे वाचून ठरवावे लागते. एक जागा राहून गेली, तर छापील बिल एक सांगते आणि ॲप दुसरेच. चुकीचा १०० बदलला गेला, तर ती चूक त्याहून वाईट.

दुसरी अडचण माणसांची. नियम समजतो तो बिलिंग विभागातल्या अनुभवी माणसाला. आदेशाचा कागद त्याच्या टेबलावर असतो. कोड वाचता येतो तो प्रोग्रामरला, आणि त्याने आदेश पाहिलेलाच नसतो. दोघांमध्ये एक पत्र, एक ई-मेल किंवा फोनवरचे बोलणे एवढाच धागा असतो. नियम वेगळे काढून दोघांनाही वाचता येतील असे लिहिणे, ही रूल इंजिनची मूळ कल्पना आहे. वेग आणि बाकीचे फायदे त्यानंतर येतात.

जाळे आणि रांग

नियमांवर चालणारे प्रोग्राम जावाच्या कितीतरी आधीचे आहेत. १९७० च्या दशकात तज्ज्ञाचे ज्ञान शेकडो ‘असेल-तर’ नियमांत साठवण्याचे प्रयोग अमेरिकेत चालू होते. प्रत्येक नियम प्रत्येक माहितीशी पुन्हा पुन्हा ताडून पाहायला फार वेळ लागे. कार्नेगी मेलन विद्यापीठात चार्ल्स फोर्गी यांनी त्यावर ‘रेटे’ नावाची पद्धत शोधली. १९७९ च्या त्यांच्या पीएचडी प्रबंधात आणि १९८२ च्या लेखात ती सविस्तर मांडलेली आहे. रेटे हा लॅटिन शब्द, अर्थ जाळे. अनेक नियमांत सामाईक असलेल्या अटी या जाळ्यात एकदाच तपासल्या जातात, अर्धवट जुळलेले निकाल जपून ठेवले जातात, आणि एखादी माहिती बदलली तर तिच्याशी जोडलेल्या गाठीच तेवढ्या हलतात.

जावा १९९५ मध्ये बाजारात आली आणि बँका, विमा कंपन्या, टेलिफोन कंपन्या आपली मोठी कामे तिच्यात करू लागल्या. त्यांना नियमांची गरज होतीच. बॉब मॅकव्हर्टर यांनी २००१ मध्ये ‘ड्रूल्स’ हा मुक्त प्रकल्प सुरू केला, पुढे तो जेबॉस आणि रेड हॅट यांच्या छत्राखाली वाढला आणि आजही जावातले सर्वांत परिचित रूल इंजिन तेच आहे. त्यात प्रत्येक नियमाला नाव असते, ‘जेव्हा’ या भागात अटी आणि ‘तेव्हा’ या भागात कृती. नियम स्प्रेडशीटच्या तक्त्यातही लिहिता येतात.

बिलाच्या कामाला मात्र रेटेचे जाळे बहुतेक वेळा लागत नाही. एका ग्राहकाच्या बिलाचा दुसऱ्याच्या बिलाशी संबंध नसतो, लागणारी सगळी माहिती सुरुवातीलाच हाती असते आणि नियमांचा क्रम ठरलेला असतो. नियम रांगेत उभे करून एकेकाला ‘तू लागू आहेस का’ असे विचारत गेले तरी काम भागते. म्हणूनच बिलासाठी स्वतःचे छोटे इंजिन बांधणे शक्य आहे, आणि पुष्कळदा शहाणपणाचेही.

इंजिनाची बांधणी

अशा इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे तथ्ये: ग्राहक, त्याचा वर्ग, मंजूर भार, रीडिंग आणि त्याच्या तारखा, गेल्या वर्षाचा वापर, भरलेले पैसे. जावात २०२१ पासून रुळलेला ‘रेकॉर्ड’ हा प्रकार यासाठी नेमका आहे, कारण एकदा तयार झालेला रेकॉर्ड बदलत नाही. नियमाला रीडिंग वाचता यावे, बदलता येऊ नये. ही शिस्त पाळली नाही, तर कोणत्या नियमाने कोणता आकडा फिरवला हे शोधण्यात रात्री जातात.

दुसरी गोष्ट नियम. जावाच्या भाषेत तो एक इंटरफेस असतो आणि त्याला दोन मेथड पुरतात: एक सांगते नियम लागू आहे का, दुसरी तो लावून बिलात एक ओळ वाढवते. त्याबरोबर नियमाची ओळखही हवी: क्रमांक, कोणत्या आदेशातून आला तो संदर्भ, कोणत्या तारखेपासून लागू, कोणत्या तारखेपर्यंत, आणि हिशेबाच्या कोणत्या पायरीवर. जावाला पहिल्यापासून युनिकोडची जोड असल्यामुळे क्लास आणि मेथडची नावे देवनागरीतही चालतात. ‘ग्राहक’, ‘वापर’, ‘लागूआहेका’ ही जावात वैध नावे आहेत. भाषेचे राखीव शब्द तेवढे रोमन राहतात. बिलिंगच्या टेबलावरचा शब्द आणि कोडमधला शब्द एकच असला, तर निम्मे गैरसमज जन्मालाच येत नाहीत. मराठी प्रोग्रामरांनी ही सोय याहून किती तरी अधिक वापरायला हवी.

तिसरी गोष्ट म्हणजे इंजिन, आणि तेच सर्वांत लहान असते. त्या दिवशी लागू असलेले नियम ते गोळा करते, पायरीप्रमाणे लावते, प्रत्येकाची अट तपासते आणि जुळलेले चालवते. पायऱ्यांचा क्रम मात्र बिलाचा प्राण आहे. आधी ग्राहकाचा वर्ग ठरतो. मग स्थिर, वीज, वहन आणि इंधन समायोजन आकार येतात, त्यांच्या बेरजेवर शुल्क बसते, त्यानंतर सवलती, मग मागील थकबाकी किंवा जमा आणि सरतेशेवटी पूर्णांक देयक. थकबाकी एक पायरी वर सरकली, तर मागच्या महिन्याच्या शुल्कावर या महिन्यात पुन्हा शुल्क बसेल.

शिलाई करणाऱ्या बाईच्या घरी परत जाऊ. समजा, या महिन्याचा वापर २६५ युनिट आणि गेल्या आर्थिक वर्षाचा ३,६४०. वर्ग ठरवण्याच्या पायरीवर घरधंद्याचा नियम पुढे येतो. महिन्याची अट पाळलेली, वर्षाची ओलांडलेली. इफ-एल्सच्या घाईत येथे थेट व्यावसायिक दर लागला असता. तथ्यांमध्ये ‘पूर्वसूचना दिल्याची तारीख’ हा रकाना ठेवला असेल, तर नियम तो तपासतो, रकाना रिकामा आढळतो आणि दर न बदलता पत्र काढण्याची नोंद करतो. त्या एका रकान्यामुळे आदेशातले शब्द प्रोग्रामात खरे होतात.

दर आणि मर्यादा नियमाच्या आतही लिहू नयेत. त्यांचा वेगळा दरतक्ता असावा: वर्ग, टप्प्याची सुरुवात, टप्प्याचा शेवट, दर, लागू तारीख. दर बदलला तर तक्त्यात ओळ वाढते आणि कोड जिथल्या तिथे राहतो. टप्पेच बदलले, तरीही तसेच.

पैशाच्या आकड्याबद्दल जावात एक धोका आहे आणि शिकाऊ प्रोग्रामर त्यात हमखास सापडतात. ‘डबल’ या प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ येत नाही. ती ०.३०००००००००००००००४ येते, कारण संगणक हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि त्या पद्धतीत ०.१ नेमका बसत नाही. एका बिलात हा फरक दिसत नाही, लाखो बिलांच्या बेरजेत पैसे जुळेनासे होतात. पैशासाठी ‘बिगडेसिमल’ वापरावे आणि ते तयार करतानाही आकडा मजकूर म्हणून द्यावा. पूर्णांक करण्याची रीतही नियमातच लिहिलेली हवी. अर्धा पैसा वर जातो की जवळच्या सम अंकाकडे, आणि तो प्रत्येक ओळीवर गोल करायचा की शेवटच्या बेरजेवर, यातून वेगवेगळी उत्तरे येतात.

२०२० चा जून महिना

टप्प्यांचा नियम किती नाजूक आहे हे महाराष्ट्राने २०२० मध्ये घरोघरी अनुभवले. टाळेबंदीमुळे महावितरणने २३ मार्चपासून मीटरचे रीडिंग घेणे थांबवले आणि एप्रिल-मेची बिले सरासरीवर काढली. सरासरी होती आधीच्या, थंडीच्या महिन्यांची. इकडे अमरावती-अकोल्यात पारा चाळिशीच्या पुढे गेलेला, माणसे दिवसभर घरात आणि कूलर दिवसरात्र चालू. जूनमध्ये रीडिंग पुन्हा सुरू झाले, तेव्हा तीन महिन्यांचा खरा वापर एकदम बिलात आला आणि आधी सरासरीने भरलेली रक्कम त्यातून वजा झाली. आकडे पाहून लोक हादरले. सगळा वापर एका महिन्याचा धरून वरच्या टप्प्याचा दर लावला, ही तक्रार गावोगावी होती.

ती भीती किती मोठ्या रकमेची होती, हे २०२४-२५ च्याच दरांनी हिशेब करून पाहता येते. तीन महिन्यांचा वापर ४५० युनिट धरू. सगळा एका महिन्याचा मानला, तर पहिले १०० युनिट ५ रुपये ८८ पैशांनी, पुढचे २०० युनिट ११ रुपये ४६ पैशांनी आणि उरलेले १५० युनिट ३०१ ते ५०० या टप्प्याच्या १५ रुपये ७२ पैशांनी, असे वहन आकारासह ५,२३८ रुपये होतात. वापर तीन महिन्यांत विभागला, तर दरमहा १५० युनिट आणि एकूण ३,४८३ रुपये. फरक १,७५५ रुपयांचा, तोही शुल्क न धरता. हातातला रोजगार गेलेल्या घरात ही रक्कम किती मोठी असते, हे सांगायला नको.

महावितरणने खुलासा केला की युनिट महिन्यांत विभागूनच टप्पे लावले आहेत. ग्राहकाला आपला हिशेब ताडून पाहता यावा म्हणून संकेतस्थळावर सोय केली, तीन हप्त्यांत बिल भरण्याची मुभा आणि एकरकमी भरणाऱ्याला २ टक्के सूट दिली. हिशेबात आणखी एक वळण होते. आयोगाच्या ३० मार्च २०२० च्या आदेशाने १ एप्रिलपासून नवे दर लागू झाले होते. म्हणजे जूनच्या बिलातले मार्चचे शेवटचे दिवस जुन्या दराने आणि बाकीचे नव्या दराने मोजायचे होते. दोन दरतक्ते, तिप्पट टप्पे आणि वजा होणारी सरासरी, एवढे सारे एका पानावर मावले. हिशेब बरोबर असला तरी तो कागदावरून घरच्या माणसाला उलगडत नव्हता, आणि खरी उणीव तीच होती.

तारखा

टप्प्याची मर्यादा महिन्याची असते आणि रीडिंग नेमके महिन्याने होत नाही. कधी २८ दिवसांनी, कधी ३५. म्हणून इंजिनात मर्यादा दिवसांच्या प्रमाणात ताणता किंवा आखडता आली पाहिजे. दर बदलतो १ तारखेला आणि मीटर वाचले जाते ज्या त्या भागाच्या फेरीप्रमाणे. १२ मार्चला एक रीडिंग आणि ११ एप्रिलला दुसरे असेल, तर तीस दिवसांपैकी वीस जुन्या दराचे आणि दहा नव्या दराचे. रोजचा वापर सारखा धरला, तर १५० पैकी १०० युनिट इकडे आणि ५० तिकडे जातात, आणि त्याच प्रमाणात पहिल्या टप्प्याची मर्यादाही इकडे ६६.६७ आणि तिकडे ३३.३३ होते. जावात २०१४ मध्ये आलेल्या तारखांच्या नव्या क्लासमुळे ही दिवसांची मोजणी विश्वासाने करता येते.

आदेश ज्या दिवशी निघाला ती तारीख आणि तो ज्या दिवसापासून लागू झाला ती तारीख, या दोन्ही प्रत्येक नियमाबरोबर लागतात. बळीराजा मोफत वीज योजनेचा शासन निर्णय २०२४ च्या जुलैत निघाला आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना ती एप्रिलपासून लागू झाली. मधल्या काळातली बिले आधीच निघालेली होती. उलट उदाहरण २०२५ चे. आयोगाने २८ मार्चला दिलेला दर आदेश १ एप्रिलपासून अमलात यायचा होता. काही दिवसांतच आयोगानेच त्याला स्थगिती दिली, आणि सुधारित दर १ जुलैपासून लागू झाले. घाईने जुना दर पुसून नवा भरणाऱ्या प्रोग्रामची अशा वेळी अडचण होते. दरतक्त्यातली ओळ कधीही पुसायची नसते. ती कोणत्या तारखेला बंद झाली एवढेच नोंदवायचे असते.

जुने दर जपायला कायदाही भाग पाडतो. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकी सलग दाखवली नसेल, तर ती देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही. दीड वर्षापूर्वीचे बिल दुरुस्त करायचे असेल, तर इंजिनाला दीड वर्षापूर्वीच्या नियमांनीच ते काढता आले पाहिजे. आजच्या नियमांनी काढलेले जुने बिल म्हणजे अन्याय आहे.

कारण सांगणारे बिल

नियम चालवताना इंजिनाने प्रत्येक ओळीबरोबर तिचे कारण लिहून ठेवावे: कोणता नियम लागला, कोणत्या आकड्यांवर, कोणत्या आदेशाच्या आधारे, आणि कोणता नियम तपासून सोडून दिला. सोडून दिलेल्याचीही नोंद हवी, कारण ग्राहकाचा प्रश्न पुष्कळदा ‘मला ती सवलत का नाही’ असाच असतो. बडनेऱ्याच्या कार्यालयात बिल घेऊन आलेल्या माणसाला खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने ही नोंद वाचून दाखवली, तर निम्मी भांडणे तिथेच मिटतील. प्रकरण ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचापुढे गेले, तर तीच नोंद पुरावा ठरते. ज्या बिलाचे कारण सांगता येत नाही ते मागण्याचा अधिकार कोणालाही नसावा.

तपासणी दोन प्रकारची लागते. एक कडांची: ०, १००, १०१, ३००, ३०१ युनिट, मध्येच मीटर बदललेला ग्राहक, ९९९९९ वरून पुन्हा शून्यावर गेलेले पाच अंकी मीटर, ज्यात साधी वजाबाकी उणे उत्तर देते. दुसरी, जुनी बिले पुन्हा काढून पाहण्याची. मागच्या वर्षीची काही हजार बिले नव्या इंजिनातून चालवायची आणि छापलेल्या रकमेशी एक एक ताडायची. जिथे फरक निघतो तिथे नवे इंजिन चुकलेले असते किंवा जुना प्रोग्राम चुकत आलेला असतो. दोन्ही शोध तितकेच मोलाचे.

बडनेऱ्यात १९८३ पासून प्रा. राम मेघे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड रिसर्च हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. संगणक शाखेच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी याहून चांगला विषय सहज सापडणार नाही. घरची बारा बिले घ्यायची, आयोगाचा आदेश उघडायचा आणि पैशाला पैसा जुळेपर्यंत नियम लिहीत राहायचे. आदेश वाचायची सवय आणि जावा, दोन्ही त्यात येतात.

इंजिनाला मर्यादाही आहेत. नियम शंभरावर गेले, की दोन नियम एकाच वेळी लागू होऊन एकमेकांचे निकाल खोडतात, किंवा एखादा ग्राहक दोन नियमांच्या फटीत राहतो आणि त्याला कोणताच नियम लागत नाही. दरतक्ता भरतानाच टप्पे एकमेकांवर चढत नाहीत आणि मध्ये फट नाही, हे प्रोग्रामने तपासले पाहिजे. पन्नास घरांना दूध घालणाऱ्या डेअरीला किंवा गल्लीतल्या केबलवाल्याला यातले काहीच लागत नाही. त्यांना एक वही किंवा एक स्प्रेडशीट पुरते. नियम क्वचितच बदलत असतील, तर चार सरळ इफ वाचायला अधिक सोपे पडतात.

चुकीचे रीडिंग आत गेले तर कोणतेही इंजिन त्यातून अचूक नियमांनी चुकीचे बिल काढते. म्हणून हिशेबाच्या पहिल्या पायरीआधी राखणीचे नियम ठेवावे लागतात: वापर उणे आला, किंवा नेहमीच्या तिपटीवर गेला, तर बिल थांबवायचे आणि माणसाला मीटर पाहायला पाठवायचे. ‘नेहमीचा’ म्हणजे कोणता, हे येथे हवामान ठरवते. वऱ्हाडात मे महिन्याची तुलना फेब्रुवारीशी केली, तर कूलर लावलेल्या कितीतरी घरांचे खरे बिल विनाकारण अडकून पडेल. मेचा वापर गेल्या वर्षीच्या मेशीच ताडून पाहायचा, आणि घरात नवा कूलर आला असेल तर ते मीटर वाचायला गेलेल्या माणसाने विचारून घ्यायचे.